आयसीयूत सेप्सिसच्या ‘ट्रायल’चा कागद पुढे आला, तर सहीआधी काय बघायचं

कॅन्सरच्या औषधाची चाचणी असेल तर घरी कागद नेऊन दोन-चार दिवस विचार करता येतो. सेप्सिसमध्ये तशी सवड नसते. शॉक (रक्तदाब कोसळणं) सुरू झाल्यापासून बहुतेक २४ तासांच्या आतच, आणि कधी कधी त्याहूनही आधी, पेशंटची नोंद करावी लागते. उशिरा दिलेल्या औषधाने काही सिद्धच होत नाही, म्हणून नियम तसे आखलेले असतात. त्यामुळे होतं असं, की पेशंट व्हेंटिलेटरवर, नातेवाईक रात्रभर जागे, आणि ट्रायलचं काम बघणारा को-ऑर्डिनेटर पंधरा-वीस पानांचं माहितीपत्रक घेऊन समोर उभा. हे पान अशा वेळी हाताशी असावं म्हणून लिहिलं आहे. सही करावी की नाही, हे आम्ही सांगणार नाही. कोणत्या क्रमाने काय विचारायचं, तेवढं सांगतो.

आधी नेहमीचे उपचार, मग ट्रायल

इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागले, की त्याला सेप्सिस म्हणतात. पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाब राखायला औषध लागत असेल आणि रक्तातलं लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर असेल, तर तो सेप्टिक शॉक. २०१६ साली ही व्याख्या ठरली, तेव्हा तपासलेल्या आकडेवारीत अशा पेशंटपैकी ४० टक्क्यांहून अधिक हॉस्पिटलमध्येच दगावत होते. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे नुकसानभरपाईच्या भागात तो पुन्हा लागेल.

ट्रायलबद्दल बोलण्याआधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारून घ्या.

ब्लड कल्चर (रक्तात कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी) पाठवलं का, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता गेला? शॉक असेल तर तो ओळखल्यापासून तासाभरात जायला हवा. सलाइन किती गेलं? सध्याच्या शिफारशीप्रमाणे पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलि, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १८०० मिलि, अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्यांच्या आसपास. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात, आणि ते बरोबरच असतं. बीपीचा सरासरी दाब ६५च्या वर आहे का? मॉनिटरवर तो कंसात दिसतो. नसेल दिसत तर खालच्या आकड्याची दुप्पट करून त्यात वरचा मिळवा आणि तीनने भागा. बीपी ९०/५० असेल तर १९० भागिले ३, म्हणजे ६३. थोडा कमीच.

चौथा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: इन्फेक्शनचं मूळ काढलं का? पोटात पू असेल तर तो काढावा लागतो, मुतखड्यामागे लघवी तुंबून सडली असेल तर नळी टाकून वाट करून द्यावी लागते, जुनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, दूषित असेल तर ती बदलावी लागते. पू आत तसाच राहिला तर जगातलं कुठलंही नवं औषध उपयोगाचं नाही.

यातलं एकही काम ट्रायलच्या सहीसाठी थांबता कामा नये. “सही झाली की अँटिबायोटिक सुरू करतो” असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा आणि वरिष्ठ डॉक्टरांना बोलवा. नीट आखलेल्या ट्रायलमध्ये नवं औषध नेहमीच्या उपचारांवर जादा दिलं जातं, किंवा नेहमीच्या अँटिबायोटिकच्या जागी तितक्याच ताकदीचं दुसरं दिलं जातं. उपचार रोखून धरलेत असं होत नाही.

ही नेमकी कसली ट्रायल आहे?

सेप्सिसच्या चाचण्या ढोबळमानाने तीन जातींच्या असतात. प्रत्येकीतली जोखीम वेगळी, म्हणून हे आधी विचारून घ्यावं.

पहिली जात नव्या अँटिबायोटिकची. आपल्याकडे ही वाढती आहे, कारण कार्बापेनेम या जोरकस अँटिबायोटिकांना न जुमानणारे जंतू इथल्या आयसीयूंमध्ये ठाण मांडून आहेत. चेन्नईच्या ऑर्किड फार्मात शोध लागलेलं एनमेटाझोबॅक्टम सेफेपिम या अँटिबायोटिकसोबत देऊन त्याची पिपरासिलिन-टाझोबॅक्टम या जुन्या जोडीशी तुलना केली, त्याचा निकाल २०२२ मध्ये आला: आजार बरा होणं आणि जंतू नाहीसे होणं या दोन्ही कसोट्यांवर नव्या जोडीचं यश ७९.१ टक्के, जुन्याचं ५८.९ टक्के. मुंबईच्या वोखार्डचं सेफेपिम-झिडेबॅक्टमही अशाच मोठ्या चाचणीत मेरोपेनेम या कार्बापेनेमसमोर उतरलं. दोन्ही चाचण्या लघवीच्या मार्गाच्या गुंतागुंतीच्या इन्फेक्शनमधल्या आहेत, हे मात्र विसरू नका. अशा चाचण्यांतून शॉकमधले पेशंट बहुधा वगळलेलेच असतात. त्यामुळे “हे औषध तिथे चाललं” म्हणजे “आमच्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला चालेल” असा अर्थ निघत नाही.

या जातीच्या चाचणीत बहुतेक वेळा ‘नवं औषध जुन्यापेक्षा वाईट नाही’ एवढंच सिद्ध करायचं असतं. किती टक्के वाईट निघालं तरी चालवून घ्यायचं, ती मर्यादा आधीच ठरवलेली असते. विचारा, ती किती आहे. प्रश्न आगाऊ वाटेल, पण रास्त आहे.

दुसरी जात शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या किंवा चेतवणाऱ्या औषधांची. सेप्सिसमध्ये सगळ्यांत जास्त आशा इथेच लावली गेली आणि सगळ्यांत जास्त निराशाही इथेच पदरी पडली. ड्रोट्रेकोजिन अल्फा, बाजारातलं नाव झायग्रिस, याची गोष्ट ठाऊक असावी. २००१ मध्ये १६९० पेशंटच्या चाचणीत मृत्यू ३०.८ वरून २४.७ टक्क्यांवर आले आणि औषधाला मान्यता मिळाली. रक्तस्रावाचा धोका त्याने वाढत होता, तो स्वीकारला गेला. पुढे शॉकमधल्या पेशंटवर पुन्हा चाचणी झाली, तेव्हा औषध घेतलेल्यांत २६.४ आणि प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं, घेतलेल्यांत २४.२ टक्के दगावले. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतलं. दहा वर्षं जगभर वापरून झाल्यावर!

व्हिटॅमिन सीची कथा तर त्याहून बोलकी आहे. २०१७ साली एका हॉस्पिटलातल्या जेमतेम ४७ पेशंटचा अनुभव छापून आला. व्हिटॅमिन सी, थायमिन आणि स्टेरॉइड दिलेल्यांत ८.५ टक्के मृत्यू, आणि त्याआधीच्या महिन्यांतल्या तेवढ्याच पेशंटमध्ये ४०.४ टक्के. चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते, तरी कितीतरी आयसीयूंनी ते उचललं. “व्हिटॅमिनच तर आहे, त्याने काय बिघडणार?” हा युक्तिवाद. २०२२ मध्ये साडेआठशेहून अधिक पेशंटच्या काटेकोर चाचणीत मोठ्या डोसचं व्हिटॅमिन सी घेणाऱ्यांपैकी ४४.५ टक्के २८व्या दिवशी मरण पावले होते किंवा त्यांचे अवयव अजून यंत्रावर अथवा औषधावर होते. प्लासिबोच्या गटात हेच प्रमाण ३८.५ टक्के होतं. बिघडणार होतं, आणि बिघडलंच.

म्हणून “नव्या औषधाच्या गटात घालता येईल का?” असा आग्रह धरू नका. एक तर गट चिठ्ठी टाकल्यासारखे पडतात, ते कुणाच्याच हातात नसतं, आणि दुसरं म्हणजे तो गट फायद्याचा, हे गृहीतच चुकीचं असू शकतं.

तिसरी जात नेहमीच्याच उपचारांची मात्रा, वेळ किंवा दिवस तपासणारी. स्टेरॉइडवर ३८०० पेशंटची चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला: रोज २०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन दिल्याने ९० दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत (२७.९ विरुद्ध २८.८ टक्के), पण शॉक एक दिवस लवकर ओसरला. रक्तात जंतू सापडलेल्या ३६०८ पेशंटमध्ये सात दिवसांचं अँटिबायोटिक चौदा दिवसांच्या तोडीचं ठरलं, तो निकाल २०२४चा. औषधं ओळखीची असतात म्हणून या जातीकडे निर्धास्तपणे बघितलं जातं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३१४१ तापाच्या गंभीर मुलांवरची चाचणी त्यासाठी सांगायला हवी. झपाट्याने सलाइन दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास, आणि तसं न दिलेल्यांत ७.३ टक्के. साधं सलाइन! स्वतंत्र देखरेख समितीने आकडे बघून मधेच नोंदणी थांबवली. तुमच्यासमोरच्या ट्रायलवर अशी समिती आहे का, ती आकडे केव्हा केव्हा बघते, हे विचारून ठेवा.

नवजात बाळांच्या बाबतीत विचारणा झाली तर तिथे उपचाराऐवजी प्रतिबंधाचीही चाचणी असू शकते. ओडिशाच्या खेड्यांत ४५५६ निरोगी नवजात बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सुरू करून सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा उपकारक जंतू आणि त्याला पोसणारी साखर, किंवा प्लासिबो, दिलं गेलं. ६० दिवसांत सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ वरून ५.४ टक्क्यांवर आलं (२०१७). ही बाळं दोन किलो किंवा त्याहून जास्त वजनाची होती. दीड किलोच्या, एनआयसीयूतल्या बाळाला हा निकाल लावायचा नाही.

मोबाइलवर दहा मिनिटांची तपासणी

भारतात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. ती सर्वांना फुकट बघता येते. माहितीपत्रकावर नोंदणी क्रमांक असतो: आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडी संख्या. तो शोधखिडकीत टाका. पान इंग्रजीत उघडेल. घरातल्या कुणाला तरी वाचायला बसवा आणि एवढ्याच जागा बघा:

- चाचणीच्या ठिकाणांच्या यादीत तुमच्या हॉस्पिटलचं नाव आहे का, आणि तिथल्या एथिक्स कमिटीपुढे (पेशंटचे हक्क आणि सुरक्षा बघणारी समिती) ‘मंजूर’ असं लिहिलं आहे का.
- औषध महानियंत्रकांची परवानगी. आधीच बाजारात असलेल्या औषधावरच्या शैक्षणिक चाचणीला ती लागत नाही, एथिक्स कमिटीची मंजुरी चालते. नव्या औषधाला मात्र लागतेच.
- कोणाला घेणार, कोणाला वगळणार. तुमच्या पेशंटचं वय, किडनीचा आजार, गर्भधारणा, यकृताची स्थिती याच्याशी ताडून बघा.
- मुख्य निष्कर्ष कशावरून काढणार: २८ दिवसांतले मृत्यू, की नुसता रक्तातला एखादा आकडा?
- नोंदणीची तारीख पहिला पेशंट घेण्याच्या तारखेआधीची आहे का. १ एप्रिल २०१८ पासून ती आधीची असणं सक्तीचं आहे.

हॉस्पिटलचं नाव यादीत नसेल तर लगेच घोटाळ्याचा संशय घेऊ नका, नवं केंद्र जोडल्याची नोंद मागे पडलेली असू शकते. पण मंजुरीचं पत्र बघायला मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर सही नको.

माहितीपत्रकात पैशांचं काय लिहिलंय

भांडणं होतात ती इथे. चाचणीचं औषध आणि चाचणीपुरत्या तपासण्या सहसा फुकट असतात. खाट, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नेहमीची अँटिबायोटिक्स यांचं बिल खासगी हॉस्पिटलात बहुधा तुमच्याच नावावर चालू राहतं. “सगळं फ्री आहे” हे को-ऑर्डिनेटरचं तोंडी वाक्य बिलिंग काउंटरला माहीत नसतं. काय फुकट आणि काय नाही, ते माहितीपत्रकात बोट ठेवून दाखवायला सांगा.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसीच्या अपवादांत ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट’ असा उल्लेख असतो. ट्रायलमध्ये भाग घेतल्याने नेहमीच्या आयसीयू बिलावर परिणाम होईल का, हे हॉस्पिटलातल्या टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. महात्मा फुले योजनेत पेशंट असेल तर आरोग्यमित्राला विचारा.

रक्त किती वेळा आणि किती मिलि काढणार, तेही वाचा. मोठ्या माणसाला दिवसाला १०-१५ मिलि फारसं जाणवत नाही, लहान मुलाला जाणवतं. उरलेलं रक्त साठवून पुढे जनुकीय तपासणीला वापरणार असतील तर त्याची संमती वेगळी असायला हवी. तेवढ्याला नाही म्हणून बाकीच्या ट्रायलला हो म्हणता येतं का, तेही विचारा.

सही: कोणाची, कशी

पेशंट शुद्धीवर आणि भानावर असेल तर सही त्याचीच. सेप्सिसमध्ये माणूस जागा दिसतो पण वार, ठिकाण सांगताना गोंधळतो. अशा वेळी कायद्याने चालणारा प्रतिनिधी, म्हणजे बहुधा पती-पत्नी, आई-वडील किंवा सज्ञान मुलगा-मुलगी, सही करतो. घरात मतभेद असतील तर ते आधी मिटवा. पुण्याहून मुलगा सही करतो आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेतून मुलगी फोनवर हरकत घेते, हे प्रसंग आयसीयूत नवे नाहीत.

सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. वॉर्डबॉयला शेवटच्या मिनिटाला बोलावून अंगठ्याशेजारी त्याची सही घेणं चालत नाही. भारतात आधी मान्य नसलेल्या पूर्ण नव्या औषधी रेणूची चाचणी असेल आणि पेशंट दुर्बळ गटात मोडत असेल, तर माहिती देण्याचं आणि संमतीचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. कॅमेऱ्यासमोर “समजलं ना?” ला नुसतं “हो” म्हणू नका. काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत सांगा. चुकीचं समजलं असेल तर तिथेच उघड होतं.

कागद मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात पेशंटचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारलेलं दिसेल. ते वाचून कित्येकांच्या पोटात गोळा येतो. हे रकाने कायद्याच्या नमुन्यातलेच आहेत आणि काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला द्यायची, ते ठरवायला लागतात. वारसदाराचा रकाना कोरा ठेवू नका. सहीखाली तारखेबरोबर वेळही लिहा, आणि माहितीपत्रक व सही केलेल्या संमतीपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

पेशंट भानावर आला की त्याला सगळं सांगून पुन्हा संमती घ्यायची असते. तो नाही म्हणाला तर ट्रायल थांबते, उपचार थांबत नाहीत. बाहेर केव्हाही पडता येतं आणि कारण द्यावं लागत नाही. फक्त औषध अचानक बंद करणं धोक्याचं आहे का, एवढं विचारून मग पडा.

सहीनंतर

एक वही करा. रोजची तारीख, चाचणीचा डोस किती वाजता गेला, नवं काय दिसलं: पुरळ, रक्तस्राव, झटका, लघवी कमी होणं. तुमचे डॉक्टरही पेशंट कोणत्या गटात आहे हे बहुतेक वेळा जाणत नसतात. पण जिवावर बेतलं आणि पुढचे उपचार त्यावर अवलंबून असले तर गुपित फोडायची सोय असते. तो चोवीस तास चालणारा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

गंभीर दुष्परिणाम किंवा मृत्यू झाला तर २०१९च्या नव्या औषधांच्या नियमांप्रमाणे संशोधकाने २४ तासांत प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था), एथिक्स कमिटी आणि औषध महानियंत्रक यांना कळवायचं असतं. दुखापत झाल्यास लागेल तितका काळ, किंवा तिचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत, उपचार फुकट मिळायला हवेत. मृत्यू ट्रायलमुळे झाला असं ठरलं तर भरपाईचं सूत्र आहे: ८ लाख गुणिले वयाचा अंक गुणिले जोखमीचा अंक, भागिले ९९.३७. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी वयाचा अंक ९९.३७ आहे, म्हणजे जोखमीचा अंक १ असेल तर ८ लाख. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो १८४.१७, म्हणजे सुमारे १४ लाख ८३ हजार. पेशंट मुळात जितका अत्यवस्थ, तितका जोखमीचा अंक कमी. तो ०.५ ते ४ असतो. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ९० टक्के किंवा जास्त धरली असेल तर सरसकट २ लाख. आदेशानंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात.

आता सुरुवातीचा तो ४० टक्क्यांचा आकडा आठवा. सेप्टिक शॉकमध्ये मूळ आजारानेच इतके मृत्यू होतात, की एखादा मृत्यू औषधामुळे झाला हे ठरवणं अवघड जातं, आणि पुष्कळदा निकाल ‘संबंध नाही’ असाच लागतो. वहीतल्या तारखा-वेळा आणि केसपेपरची प्रत यांचा उपयोग तिथे होतो. निकाल पटला नाही तर एथिक्स कमिटीच्या सचिवांना लेखी कळवा. त्यांचं नाव आणि फोन माहितीपत्रकाच्या शेवटी असतो. शैक्षणिक चाचणी असेल तर भरपाई कोण देणार, हे सहीआधीच विचारून ठेवलेलं बरं. तिथे मागे कंपनी नसते.

डिस्चार्जनंतर २८व्या आणि बहुधा ९०व्या दिवशी फोन येतो. पेशंट कसा आहे, स्वतः चालतो का, पुन्हा भरती व्हावं लागलं का, एवढंच विचारतात. पाच मिनिटांचं काम. नंबर आधीच सेव्ह करून ठेवा, नाहीतर अनोळखी म्हणून कट होतो. दोन नातेवाइकांचे नंबर देऊन ठेवा, कारण पेशंट गावी जातो, सिम बदलतो. अशी माणसं हिशेबातून गळत गेली, की दोन्ही गटांतली तुलनाच ढासळते आणि सगळ्यांनी सोसलेले जादा सुईचे टोचे फुकट जातात.